तलावात मासे आहेत, पण पिलं दिसत नाहीत? मामा तलावातली वीण तपासण्याचा क्रम

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर, एकच तक्रार वारंवार येते. जाळ्यात रोहू-कटला येतो, पण मरळ, सिंगी, मांगूर, बाम ही गावची मासोळी दरवर्षी कमी होते आणि पावसाळ्यात तिची पिलं दिसतच नाहीत. त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘आणखी बीज सोडा’. बोटुकली (बोटाएवढी पिलं) सोडली की मच्छीमार सोसायटीचं त्या वर्षाचं उत्पन्न भागतं, पण वीण काही परत येत नाही. ती कुठे अडली आहे हे कुणी शोधलेलंच नसतं.

बहुतेक वेळा दोष तलावाच्या काठावर सापडतो, घोट्यापासून कमरेपर्यंतच्या पाण्याच्या पट्ट्यात. देशी मासे अंडी तिथेच घालतात. मधल्या खोल पाण्यात ते राहतात आणि उन्हाळा काढतात. म्हणून खालच्या जवळजवळ सगळ्या तपासण्या काठावरून चालतच करायच्या आहेत. क्रम फुकटापासून खर्चिकापर्यंत लावला आहे आणि तो मोडू नये. एका वर्षात चार गोष्टी बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही आणि पुढच्या वर्षी लोकांचा घाम चुकीच्या जागी जातो.

लक्षणं

- आषाढ-श्रावणात काठाच्या गवतात मरळीच्या पिलांचे लाल-नारिंगी घोळके दिसत नाहीत. (तपासणी १, ५, ६)
- घोळके दिसतात, पण आठ-दहा दिवसांत गायब होतात. (तपासणी २)
- काठावर पिलं भरपूर असतात, पण जवळजवळ सगळी तिलापियाची. (तपासणी ६, ७)
- पोळ्यानंतर धरलेल्या माद्यांच्या पोटात अंडी तशीच असतात. (तपासणी ५, ६, ८)
- वनस्पतींवर अंडी सापडतात, पण पांढरी पडलेली किंवा चिखलाच्या थराखाली गेलेली. (तपासणी ३, ४)
- पहिल्या पुरात मासे सांडव्याखाली जमतात, उड्या मारतात आणि खालीच राहतात. (तपासणी ८)
- पाणी बारा महिने दुधाच्या चहासारखं, आणि काठ एक तर उघडा किंवा बेशरमाने गच्च. (तपासणी ४, ६, ९)

तपासणी १: हा बिघाड आहे का? (खर्च शून्य)

रोहू, कटला, मृगळ यांची पिलं तलावात दिसत नसतील तर त्यात बिघाड काही नाही. या माशांना विणीसाठी पुराचं वाहतं पाणी लागतं आणि त्यांची अंडी कशाला चिकटत नाहीत. साचलेल्या तलावात ते सहसा वीत नाहीत, म्हणूनच त्यांचे मत्स्यजिरे, म्हणजे नुकतीच फुटलेली पिलं, हॅचरीतून आणावे लागतात. काठ कितीही सुधारला तरी रोहूचं बीज विकतच घ्यावं लागेल. हे कामाला लागण्याआधीच सर्वांना सांगून ठेवा. नाहीतर दुसऱ्या वर्षी ‘एवढं केलं आणि रोहू काही वाढला नाही’ म्हणून माणसं निघून जातात.

ज्यांची वीण काठावर अवलंबून आहे ते मासे वेगळे. मरळीची जोडी गुडघाभर पाण्यात वनस्पतींमध्ये हात-सव्वाहात गोल जागा मोकळी करते. तिची मोहरीएवढी पिवळसर अंडी तिथे पाण्यावर तरंगतात आणि एक-दोन दिवसांत फुटतात. नर-मादी महिनाभर पिलांची राखण करतात. मांगूर उथळ पाण्यात, काठाच्या किंवा बांधीच्या (धानाच्या बांध घातलेल्या शेताच्या) मातीत खळगा करून अंडी घालतो. सिंगी, बाम आणि खवल्यांची बारीक मासोळी वनस्पतींवर चिकटणारी अंडी घालतात. यांची पिलं दिसत नसतील तरच पुढे चला.

पाऊसही बघा. तलाव जुलैअखेरपर्यंत निम्माही भरला नसेल तर पाणी वनस्पतींच्या पट्ट्यापर्यंत पोचलेलंच नसतं. अशा वर्षावरून निष्कर्ष काढू नका.

सकाळची फेरी

हा तपासणी १ चाच भाग, पण सगळ्यात जास्त टाळला जाणारा. मृगाच्या किंवा आर्द्राच्या पहिल्या जोरदार पावसानंतर लागोपाठ दहा दिवस, सूर्य उगवल्यापासून दोन तासांत, दोन माणसांनी ठरलेल्या वाटेने काठ चालायचा. एक बघणारा, एक लिहिणारा. वाटेवर दर पन्नास पावलांना खुंट ठोकून क्रमांक द्या आणि वहीत खुंटाचा क्रमांक, पाण्याची खोली, काय दिसलं एवढंच लिहा. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातली जाणती मंडळी सोबत असतील तर तपासणी अर्धी झालीच म्हणायची. मरळ हवेसाठी वर आल्याची चुळूक आणि पिलांचा घोळका वर आल्यावर पाण्यावर उठणारी थरथर यांतला फरक ती लांबून ओळखतात. घोळका एकदा सगळ्यांना नीट दाखवून घ्या. लाल मुंग्यांचा पुंजका पाण्यात उकळतो आहे असं वाटतं. क्षणभर दिसतो, बुडतो आणि हातभर पुढे पुन्हा वर येतो.

तपासणी २: विणीच्या दिवसांत जाळं कुठे पडतं?

राखण करणारी मरळ हटत नाही, म्हणून ती धरायला सर्वांत सोपी असते. घोळक्याजवळ गळ टाकला की ती चावते. तिला काढलं की काही दिवसांत सगळा घोळका इतर माशांच्या, बगळ्यांच्या आणि पाणसापांच्या पोटात जातो. म्हणजे एक किलो मासा विकून शेकडो पिलं गमावायची.

तीन ठिकाणं बघा: सांडव्याखाली आणि येव्याच्या, म्हणजे तलावात पाणी आणणाऱ्या, नाल्यात लावलेले सापळे, काठाच्या गवतात ओढलेली मच्छरदाणीची जाळी, आणि रात्री बॅटरीच्या उजेडात होणारी मासेमारी. चढणीच्या, म्हणजे पुरात प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या, माशांवर गावातल्या गरीब घरांचा हक्क पिढ्यानपिढ्यांचा आहे, त्यामुळे सरसकट बंदीचा ठराव टिकत नाही. टिकतो तो छोटा नियम: पहिल्या पुरापासून पोळ्यापर्यंत काठाचा ठरवलेला एक पट्टा आणि सांडव्याची अर्धी रुंदी मोकळी, बाकी तलावात नेहमीसारखी मासेमारी. ठराव सोसायटी आणि ग्रामसभा दोघांनी मिळून करायचा. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना बांबूवर लाल कापड बांधायचं, म्हणजे ‘माहीत नव्हतं’ ही सबब राहत नाही.

घोळके दिसून गायब होत असतील तर बहुतेक वेळा दुरुस्ती इथेच संपते. एक पावसाळा नियम पाळून बघा, मगच पुढचा खर्च करा.

तपासणी ३: काथ्याची मोळी

मासे वीतच नाहीत, की वीत आहेत आणि अंडी टिकत नाहीत? हा प्रश्न शंभर-दोनशे रुपयांत सुटतो. नारळाचा काथ्या आठवडाभर पाण्यात भिजवा आणि पाणी रोज बदला, कारण त्याचा लाल कस अंड्यांना बाधतो. मग हातभर लांबीच्या दहा सैल मोळ्या बांधा. काठापासून दोन-तीन मीटरवर, पाण्याखाली वीत-दीड वीत, बांबूला लटकवा. पाच मोळ्या उघड्या काठाजवळ, पाच वनस्पतींजवळ. पहिल्या पुरानंतर रोज सकाळी एकेक मोळी हळूच उचलून, पाण्याने भरलेल्या पांढऱ्या टबात धरून बघा.

काचेच्या मण्यासारखी, आत बारीक ठिपका असलेली अंडी चांगली. पांढरी, अपारदर्शक अंडी मेलेली. त्यांच्यावर कापसासारखी बुरशी चढते आणि शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरते. थोडी पांढरी अंडी प्रत्येक विणीत असतातच. निम्म्याहून जास्त पांढरी असतील तर पाण्याच्या तपासणीकडे (तपासणी ४) चला. अंड्यांवर बोटाने पुसता येईल असा चिखलाचा थर असेल तर येव्यातून किंवा तळातून माती उठते आहे. अंडं त्या थराखाली गुदमरतं, त्याला हवा पाण्यातूनच मिळते.

उघड्या काठाजवळच्या मोळ्यांवर अंडी आली तर मासे तयार होते, त्यांना चिकटवायला जागा नव्हती. थेट तपासणी ६ कडे जा. एकाही मोळीवर काही नसेल आणि माद्या अंड्यांनी भरलेल्या असतील तर पाण्याची पातळी (तपासणी ५) आणि चढायची वाट (तपासणी ८) तपासा. मरळ आणि मांगूर काथ्यावर वीत नाहीत, त्यांच्यासाठी सकाळची फेरीच. सायप्रिनस (कॉमन कार्प) मात्र मोळ्यांवर आनंदाने अंडी घालतो. शंका आली तर मोळीचा तुकडा तलावाच्याच पाण्याच्या टबात ठेवून पिलं ओळखण्याएवढी होऊ द्या.

तपासणी ४: पाणी

‘मरळ जिवंत आहे, म्हणजे पाणी ठीक आहे’ हा समज सोडा. मरळ, सिंगी, मांगूर वर येऊन हवा घेतात आणि खराब पाण्यातही तग धरतात. त्यांच्या अंड्यांना आणि नव्या पिलांना ती सोय नसते. मोठा मासा तग धरतो त्या पाण्यात पिलू मरू शकतं.

पांढरी ताटली दोरीला बांधून दुपारी, सावली न पाडता, पाण्यात सोडा आणि दिसेनाशी होते ती खोली मोजा. ३० सेंटिमीटरच्या आत दिसेनाशी होत असेल तर गुडघाभर खोलीवर बुडालेल्या वनस्पतींना उजेड मिळत नाही आणि लावलेली रोपंही जगणार नाहीत. मग पारदर्शक बाटली भरून दोन दिवस न हलवता ठेवा. तळाशी माती बसून वर पाणी नितळलं तर माती येव्यातून येते आहे किंवा म्हशी आणि सायप्रिनस तळ ढवळत आहेत. पाणी हिरवंच राहिलं तर ते शेवाळ आहे, म्हणजे खत, शेण किंवा सांडपाणी उतरतं आहे. गढूळपणा बसलाच नाही तर अगदी बारीक चिकणमाती उघड्या तळावरून उठते आहे. त्यावर खरा उपाय वनस्पतींचाच.

विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा साधा संच मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडून किंवा जवळच्या विज्ञान महाविद्यालयाकडून उसना मिळू शकतो. मोजणी पहाटे करा. दुपारचा आकडा फसवा असतो, कारण दिवसभर वनस्पती ऑक्सिजन सोडतात आणि रात्री वापरतात. पहाटे लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला तर अंड्यांना धोका आहे.

शिंगाड्याच्या तलावात भुंग्यासाठी होणारी कीटकनाशकाची फवारणीही याच यादीत धरा.

तपासणी ५: रोवणीच्या दिवसांत पाणी किती उतरतं?

वीण आणि धानाची रोवणी एकाच महिन्यात येतात. पहिल्या पुराने तलाव चढतो, मासे काठाच्या गवतात अंडी घालतात, मग पावसाची उघडीप पडते आणि बांध्यांसाठी तुडुम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, उघडलं जातं. काठाचा उतार ५० मीटरला १ मीटर असेल तर पाणी फक्त १५ सेंटिमीटर उतरल्यावर काठ साडेसात मीटर आत सरकतो. त्या साडेसात मीटरमधली सगळी चिकट अंडी उन्हात वाळतात. पाण्याकडे बघून हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तलाव भरलेलाच दिसतो.

एक बांबू घ्या, दर ५ सेंटिमीटरला रंगाची रेघ मारा, तुडुमाजवळ पक्का रोवा आणि रोज सकाळी आकडा लिहा. दिवसाला २ सेंटिमीटरच्या आसपास उतार असेल तर चालतं. १५ सेंटिमीटर खोलीवरच्या अंड्यांना आठवडा मिळतो, तेवढ्यात पिलं फुटून पोहायला लागतात. एका रात्रीत १०-१५ सेंटिमीटर उतरलं तर त्या पुराची वीण गेली.

उपाय पैशाचा नाही, बोलण्याचा आहे. पाणीवाटप ठरवणाऱ्या मंडळींसोबत जूनआधीच बसा आणि एवढंच मागा: पहिल्या चढणीनंतर आठ-दहा दिवस तुडुम थोडं उघडून जास्त वेळ चालवावं, एकदम उघडून बंद करू नये. पाणी तेवढंच जातं. पावसाने दगा दिला आणि पऱ्हे (धानाची रोपं) वाळायला लागले तर ही मागणी मागे घ्या. तलाव धानासाठी बांधले गेले, आणि शेतकऱ्याशी भांडून मासोळी टिकत नाही.

तपासणी ६: काठावर काय उगवलं आहे?

खरा घाम इथे आहे. चार बांबूंची १ मीटर × १ मीटर चौकट करा. हिवाळ्यात गुडघाभर पाण्यात दर २५ पावलांना टाका, एकूण २० जागी. प्रत्येक वेळी चौकटीत सर्वांत जास्त काय आहे ते लिहा: उघडी माती, बुडालेल्या वनस्पती (हायड्रिला, फितीसारख्या पानांची व्हॅलिसनेरिया), तरंगत्या पानांच्या (कुमुदिनी, कमळ), उभ्या (देवधान म्हणजे रानटी धान, लव्हाळे), बेशरम, जलपर्णी. उघडी माती आणि बेशरम मिळून २० पैकी ५ पेक्षा कमी असतील तर लागवड करू नका. आहे ते राखा, म्हशींना पाण्यावर जायला एकच वाट ठेवा. १० पेक्षा जास्त असतील तर काम हाती घ्या.

*बेशरम काढणं.* वेळ एप्रिल-मे, तळ उघडा असताना. विळ्याने कापून उपयोग नाही, कारण बुंधा पुन्हा फुटतो आणि ओल्या मातीत पडलेला प्रत्येक तुकडा मुळं धरतो. सब्बल आणि कुदळीने मुळासकट काढायचं, तुकडे गोळा करायला वेगळी टोळी ठेवायची आणि सगळं तलावाबाहेर, पाणी साचत नाही अशा मुरमाड जागी वाळवायचं. हातमोजे घाला, चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, ढिगाजवळ शेळ्या येऊ देऊ नका. ही वनस्पती जनावरांना विषारी आहे. पहिल्या दिवशी १० मीटर × १० मीटरचा तुकडा मोजून काढा आणि किती माणसांना किती तास लागले ते लिहा. पुढचे दिवस त्यावरून ठरवा. एका उन्हाळ्यात पूर्ण होईल एवढंच हाती घ्या. अर्धवट सोडलेला पट्टा दोन पावसाळ्यांत पुन्हा भरतो. सकाळी सहा ते दहा एवढंच काम करा, मे महिन्यातलं पूर्व विदर्भातलं ऊन अंगावर घेण्यासारखं नसतं.

*नांगरणी.* गुरांच्या पायांनी तळ सिमेंटसारखा घट्ट झालेला असतो, मुळं आत शिरत नाहीत. लागवडीचा पट्टा चार बोटं खोल, उताराला आडवा नांगरा. उतारासोबत नांगरला तर पहिल्याच पावसात माती वाहून खोल पाण्यात जाते.

*रोपं.* शेजारच्या, शक्यतो त्याच नाल्यावरच्या तलावातून किंवा बोडीतून (लहान तळ्यातून) आणा. एका जागेवरून पाव हिश्शाहून जास्त काढू नका. मत्स्यालयाच्या दुकानातली रोपं नकोत, त्यांच्यासोबत परकी वनस्पती येते. दोनदा धुवा आणि हाताने निवडा: जलपर्णीचं एक रोप किंवा तिलापियाचं एक पिलू आलं तर वर्षाचं काम पाण्यात जाईल. ओल्या पोत्यात, सावलीत न्या आणि त्याच दिवशी लावा.

*लावणी.* जुलैमध्ये, पट्ट्यावर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाणी उभं राहिल्यावर. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो आणि लाटा पूर्वेच्या काठावर आपटतात, म्हणून सुरुवात पश्चिम-नैर्ऋत्य बाजूच्या शांत काठावर करा. पाच-सहा काड्यांचा झुबका, मुळाशी मुठीएवढा चिकणमातीचा गोळा, त्यावर जुन्या पोत्याचा तुकडा गुंडाळून सुतळीने बांधायचा आणि पायाच्या बोटांनी तळात दाबायचा. अर्ध्या मीटरच्या अंतराने १० मीटर × १० मीटरच्या तुकड्याला ४०० झुबके लागतात. घोटाभर पाण्यात देवधान आणि लव्हाळे, गुडघाभर पाण्यात व्हॅलिसनेरिया आणि हायड्रिला, त्यापुढे कुमुदिनी. नुसतं हायड्रिला लावू नका. ते दाट झालं की रात्रीचा ऑक्सिजन खातं आणि होडीही अडवतं. तुकड्यांमध्ये दोन-तीन मीटरच्या मोकळ्या गल्ल्या ठेवा. मरळ अशा गल्लीच्या कडेलाच घरटं करते.

बिघडतं ते असं. गोळा हलका असेल तर झुबके दुसऱ्या दिवशी तरंगतात. एका रात्रीत पाणी मीटरभर चढलं तर रोपं अंधारात जातात. म्हणून एकाच पातळीवर न लावता तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर तीन पट्टे लावा, एक तरी वाचतो. गवत्या मासा (ग्रास कार्प) आणि म्हशी कोवळे शेंडे साफ करतात. त्यासाठी दीड-दोन महिने बांबूच्या ताट्यांचं कुंपण ठेवा आणि शेंडे पाण्याच्या पृष्ठभागाला आले की काढा. कुंपणाला नायलॉनचं जाळं वापरू नका, कासवं आणि साप अडकून मरतात.

लागवड जगेपर्यंतच्या वर्षासाठी बांबूच्या शेंड्यांचे भारे दगड बांधून गुडघाभर पाण्यात टाकता येतात, त्यांच्यावरही अंडी चिकटतात. पुढच्या उन्हाळ्यात ते बाहेर काढा, कुजले की पाणी खराब करतात.

तपासणी ७: कोणते मासे सोडले जात आहेत?

सोसायटीची बीज खरेदीची पावती बघा. यादीत गवत्या असेल तर बुडालेल्या वनस्पती तोच खातो. सायप्रिनस तळ उकरतो आणि पाणी गढूळ करतो. दोन्ही बंद केल्याशिवाय तपासणी ६ वर पैसे घालू नका. तिलापिया मादी अंडी तोंडात सांभाळते, तिला वनस्पती लागत नाहीत. म्हणून काठ उजाड झाल्यावर तिचीच पिलं उरतात. थाई मांगुराच्या पालनावर तर २००० सालापासून देशात बंदी आहे. किलोभराच्या वर गेलेला मांगूर सापडला तर तो मत्स्यव्यवसाय कार्यालयाला दाखवा.

बीज सोडण्याआधी तळ्यात मोहाची पेंड टाकून ‘नको असलेले’ मासे मारायचा सल्ला संवर्धन तळ्यासाठीचा आहे. गावतलावात तो वापरला तर ज्या मासोळीसाठी हे सगळं चाललं आहे तीच मरते.

तपासणी ८: चढायची वाट

पहिल्या पुरात सलंगावर, म्हणजे सांडव्यावर, आणि येव्याच्या नाल्यावर उभं राहून बघा. रस्त्याखालचा पाइप नाल्याच्या तळापासून वर लटकत असेल तर बारीक मासे तिथेच थांबतात. वरच्या बांध्यांकडे जाणाऱ्या वाटा बुजल्या असतील तर मांगुराची विणीची जागा गेली. लटकत्या पाइपाखाली दगड रचून पायरी-पायरीने पाणी चढवणं स्वयंसेवकांना जमतं. प्रत्येक पायरी वीतभराहून उंच नको, आणि पायरीमागे मासा दम घेईल एवढा खळगा हवा. सांडव्याच्या भिंतीला मात्र हात लावायचा नाही.

तपासणी ९: गाळ कसा काढला गेला?

२०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत आणि इतरही निधीतून अनेक तलाव उपसले गेले. गाळ काढणं चुकीचं नाही. चुकतो तो आकार. जेसीबीने काठापासूनच खोल, उभ्या कडेचा खड्डा केला की उथळ पट्टा संपतो आणि तिथल्या मातीतले वनस्पतींचे कंद आणि बीजही ट्रॉलीत जातात. तपासायला सोपं आहे: काठावरून पाण्यात पाच पावलं चाला. पाचव्या पावलाला कमरेवर पाणी आलं तर तिथे विणीची जागा उरलेली नाही.

पुढच्या उपशाआधी नकाशावर येव्याकडचा उथळ पट्टा आखून खुंट ठोका आणि तो न खणण्याची अट कामाच्या आदेशातच लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं यंत्रचालकापर्यंत पोचत नाही. आधीच खणलेली कड पुन्हा उतरती करायची असेल तर तो माती भरण्याचा प्रश्न आहे आणि इथून पुढे हौशी काम थांबतं.

कुठे थांबायचं, कुणाला बोलवायचं

पाळ (तलावाचा मातीचा बांध), सांडवा, तुडुम यांना हात लावायचा नाही. पाळीवरचं बेशरमही उपटू नका: तिथे त्याची मुळं माती धरून असतात आणि उपटल्यावर राहिलेल्या भोकांतून पाणी झिरपू शकतं. पाळीच्या पायथ्याशी ओल, गढूळ झिरपा किंवा भेग दिसली तर काम बंद करून त्याच दिवशी तलाव ज्यांच्याकडे आहे त्या कार्यालयाला कळवा. बहुतेक लहान तलावांसाठी ते जिल्हा परिषदेचा लघुपाटबंधारे विभाग. कुठल्याही खोदकामाआधी त्यांची लेखी परवानगी हवीच, आणि तलाव वनक्षेत्रात असेल तर वनविभागाचीही.

जलपर्णीने तलाव झाकला असेल तर हाताने काढण्याचा हट्ट धरू नका, आणि तणनाशक तर कुणीही सांगितलं तरी पाण्यात मारू नका. एकदम मेलेली जलपर्णी कुजताना ऑक्सिजन ओढते आणि मासे मरतात. इथे यंत्र आणि जाणकार लागतात.

गोंदिया-भंडाऱ्यात जून ते सप्टेंबर सारस पाणथळीत घरटं करतात. जोडी एकाच जागी रोज दिसत असेल तर त्या काठावरची लावणी रद्द करा आणि वनविभागाला कळवा.

आणि एका सकाळी मासे काठाला मेलेले सापडले तर वरचा सगळा क्रम बाजूला ठेवा. माणसांना आणि गुरांना पाण्यापासून दूर ठेवा, मेलेले मासे कुणी खाऊ किंवा विकू नयेत असं गावात सांगा. स्वच्छ बाटल्यांमध्ये दोन जागांचं पाणी काठोकाठ भरा, तडफडणारे (आधीच मेलेले नव्हेत) दोन-तीन मासे पिशवीत घालून बर्फात ठेवा, वेळ आणि जागा लिहा. मत्स्यव्यवसाय कार्यालय आणि ग्रामपंचायत दोघांना दुपारच्या आत फोन गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशीच्या नमुन्यावरून कारण सापडणं फार अवघड असतं.